गोड्या-खाऱ्या पाण्यातली वसाहत

सह्याद्रीत उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणच्या पुढे जाते, तेव्हा तिला समुद्राची भरती भेटते. बदलापूरच्या बंधाऱ्यापाशी गोडं असलेलं पाणी खाडीत मचूळ होतं. मासा तिथून निघून जाऊ शकतो. एका जागी चिकटलेल्या जिवाला मात्र भरती-ओहोटीसोबत बदलणारा खारटपणा सोसावाच लागतो. शाळेत शिकलेल्या हायड्राचे काही वसाहती भाऊबंद, म्हणजे हायड्रॉइड, हे उत्तम जमवतात.

त्यांतला मचूळ पाण्याचा खरा रहिवासी कॉर्डिलोफोरा. मूळचा कास्पियन आणि काळ्या समुद्राच्या परिसरातला. जहाजांबरोबर तो जगभर पसरला. खडकावर किंवा शिंपल्यावर आधी त्याच्या बारीक नळ्या सरपटत पसरतात. मग त्यांतून देठ उभे राहतात, देठांना फांद्या फुटतात. भिंगाखाली पाहिलं तर तपकिरी आवरणावर फांदीच्या बुंध्याशी वळ्या दिसतात आणि टोकाला पांढुरकं, चातीच्या आकाराचं तोंड. त्याभोवती विखुरलेल्या शुंडकांवर दंशपेशी असतात. तोंडं अनेक, पण पोटाची पोकळी सगळ्यांची एकच. एकाने पकडलेलं भक्ष्य साऱ्या वसाहतीला पोसतं.

समुद्राच्या 1000 भाग पाण्यात सुमारे 35 भाग क्षार असतात. कॉर्डिलोफोरा 15 भागांच्या आसपास जोमाने वाढतो, गोड्या पाण्यातही तग धरतो. खारटपणा बदलला की तोंडांचा आकार आणि शुंडकांची संख्याही बदलते.

वसाहत वाढते मुकुलायनाने. नवी वसाहत बहुधा लैंगिक प्रजननातून वसते. नर आणि मादी वसाहती वेगळ्या असतात. मादीच्या फांदीवरच्या पिशवीत अंडी फलित होतात, तिथेच अळ्या वाढतात आणि बाहेर पडून नवी जागा धरतात. परिस्थिती बिघडली तर तोंडं झडतात, पण नळ्यांमधला जिवंत अंश टिकून राहतो आणि अनुकूल काळ येताच पुन्हा फुटतो. म्हणूनच वीजकेंद्रांच्या पाण्याच्या नळांतून तो सहजी हटत नाही.

हायड्रॉइडांच्या वर्गाच्या अभ्यासात मराठी माणसाचंही नाव आहे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना 1911 च्या सुमारास सातारा जिल्ह्यात, वेण्णा आणि कोयनेच्या डोहांत याच वर्गातले, गोड्या पाण्यातले जेलीफिश सापडले. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्यांना लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिलं. तोवर असे जेलीफिश आफ्रिकेतलेच समजले जात होते. पुण्याची आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाने आहे.

खारटपणा पचवणारे हायड्रॉइड विषाला मात्र संवेदनशील ठरतात. 1970 च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी स्टेबिंग यांनी दाखवलं, की पाण्यात अत्यल्प तांबं मिसळलं तरी हायड्रॉइड वसाहतीची वाढ मंदावते. म्हणजे ही वसाहत पाण्याच्या प्रकृतीचं मापच. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी रसायनं आणि सांडपाणी घेऊन उल्हासला मिळते, तिथे अशा मापाची निकड आहे.

उल्हासनगर, बदलापूर, कल्याणच्या महाविद्यालयांनी एवढं जरूर करावं: खाडीत दोरीने काचपट्ट्या सोडाव्यात, काही आठवड्यांनी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात, आणि काय रुजलं, काय नाही याची दरवर्षी नोंद ठेवावी. नदी सुधारतेय की बिघडतेय, हे त्या नोंदींतून नागरिकांना स्वतः पडताळता येईल.