बालनगरपरिषद

नगररचना व स्थानिक प्रशासन यांविषयी मुलांची मते जाणून घेणारे सल्लागार मंडळ. मुलांना मताधिकार नसतो. परंतु रस्ते, वाहतूक, क्रीडांगणे यांसंबंधीच्या निर्णयांचे परिणाम त्यांनाही भोगावे लागतात, हे या कल्पनेचे मूळ होय. १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, फ्रान्समधील शिल्टिगाइम येथे अशी परिषद स्थापन झाली. इटलीतील फानो येथे १९९१ मध्ये फ्रान्चेस्को तोनूची यांच्या प्रेरणेने ‘बालकांचे नगर’ हा प्रकल्प सुरू झाला. मुलांना एकट्याने पायी हिंडता येईल असे नगर सर्वांनाच सुखावह ठरते, ही त्यामागील भूमिका. मुलांच्या मतास वय व परिपक्वता यांनुसार महत्त्व देण्याचे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत (१९८९) अंतर्भूत असून भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. तथापि अंतिम निर्णय निर्वाचित सदस्यांकडेच राहतो. त्यामुळे सूचना नाकारताना मुलांना कारणे न सांगितल्यास अशी परिषद केवळ समारंभापुरती उरते.