बर्फावरील गाडी : धावण्याचे बळ आणि थांबण्याचे बळ



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक माता देवळाच्या पायरीवर आमची वाट पाहत उभी होती. तिचा मुलगा कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात नोकरीस आहे. तेथील पहिला हिवाळा त्याच्यापुढे ठाकला असून कामावर जाण्यासाठी त्यास गाडी घ्यावयाची आहे. मित्र सांगतात, चारही चाकांना जोर मिळणारी मोठी, उंच गाडी घे. बर्फात तीच तारते. पण तिची किंमत भारी, आणि त्याला परदेशी पाठविण्यासाठी काढलेले कर्ज अद्याप फिटावयाचे आहे. “फादर, कर्जाचं आम्ही बघू. पण स्वस्तातली गाडी घेऊन पोराचा जीव धोक्यात नको. तुम्हीच काय ते सांगा,” असे ती माउली म्हणाली.

आम्ही स्वतः बर्फात गाडी कधी चालविलेली नाही. तथापि प्रश्न जिवाचा होता. म्हणून माहितगारांस विचारून व वाचून जे उमगले ते येथे देत आहोत. आज आपल्या कितीतरी घरांतील मुले त्या थंड मुलखात आहेत.

बर्फात कोणते वाहन बरे, हा प्रश्न त्या देशात जुना आहे आणि त्याच्याशी एका बापाचे दुःख जडलेले आहे. क्वेबेक प्रांतातील व्हालकूर ह्या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा यंत्रकारागीर राहत असे. त्याने धर्मगुरू व्हावे अशी वडिलांची इच्छा होती आणि काही काळ तो शेरब्रूकच्या सेमिनरीत शिकलाही. पण त्याचा जीव यंत्रांतच रमला. त्या काळी हिवाळा लागला की खेड्यांतील रस्ते बर्फाखाली गडप होत, मोटारी वसंतापर्यंत बंद राहत आणि लोक घोडे जुंपलेल्या घसरगाड्यांतून ये-जा करीत. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रुग्णालय दूर शेरब्रूकला, वाट बर्फाने बंद, आणि बर्फावर चालेल अशी जी गाडी बाप जुळवीत होता ती अद्याप अपुरी. मूल दगावले.

त्या बापाने हातचे काम टाकले नाही. 1937 मध्ये त्याची सात माणसांची गाडी तयार झाली. तिला पुढे चाकांऐवजी घसरपट्ट्या होत्या आणि मागे रणगाड्यासारखा फिरता रबरी पट्टा. पुढे बारा माणसांची गाडी निघाली. तिच्यातून डॉक्टर, टपाल व शाळकरी मुले बर्फातून जाऊ लागली. 1959 मध्ये त्याने एक-दोन माणसांची ‘स्की-डू’ ही लहान गाडी बाजारात आणली. तिचा एक आरंभीचा नमुना उत्तर ऑन्टारियोत सेवा करणाऱ्या एका ऑब्लेट मिशनरी धर्मगुरूंकडे गेला.

परंतु 1948 मध्ये क्वेबेक सरकारने खेड्यांतील रस्त्यांवरचाही बर्फ हटविण्याचे धोरण स्वीकारले, आणि मोठ्या पट्ट्याच्या गाड्यांची मागणी ओसरली. पहिला धडा येथेच मिळतो : वाहन निवडण्याआधी रस्ता पाहावा. चिखलणीच्या वेळी आपण ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाके चढवितो. पण त्याच चाकांनी डांबरी रस्त्यावरून बाजारास कोणी जात नाही. मुलगा जर शहरात राहत असेल व रस्ता नित्य साफ होत असेल, तर त्यास तुडवावयाचा आहे तो कमरेइतका बर्फ नव्हे, तर निसरडा रस्ता होय.

आणि निसरड्या रस्त्यावर प्रश्न दोन असतात : गाडी निघेल कशी, आणि थांबेल कशी? चारही चाकांना जोर असला म्हणजे गाडी जागची सहज उठते व चढ चढते, ह्यात शंका नाही. परंतु ब्रेक तर लहानथोर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतातच. थांबण्याच्या कामी त्या महाग गाडीजवळ अधिक असे काही नसते. उलट ती झटकन वेग घेते म्हणून चालक गाफील राहतो, आणि रस्ता किती निसरडा आहे हे त्यास ब्रेक दाबल्यावरच कळते.

थांबण्याचे बळ टायरात आहे. सुमारे 7 अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होत जाते व पकड सोडते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरील बारीक चिरा बर्फास धरतात. त्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण अशी खूण असते. ती पाहूनच घ्यावे. क्वेबेकमध्ये असे टायर 2008 पासून हिवाळ्यात सक्तीचे असून सध्या ही मुदत 1 डिसेंबर ते 15 मार्च अशी आहे. ऑन्टारियोत सक्ती नाही, म्हणूनच तेथे नवख्या माणसाने स्वतः जागे राहावयास हवे. टायर चारही घ्यावेत. दोनच घेतले तर गाडीचे पुढचे अंग धरते व मागचे फिरते. खर्च वाटतो तितका नाही, कारण हिवाळ्यात दुसरा संच विसावा घेतो व अधिक टिकतो. शिवाय ऑन्टारियोत विम्याच्या हप्त्यात सूटही मिळते.

तेव्हा आम्ही त्या मातेस सांगितले : पुढच्या चाकांना जोर असलेली साधी गाडी पुरे, कारण यंत्राचे वजन त्याच चाकांवर पडून पकड मिळते. जुनी घ्यावयाची तर 2012 नंतरची पाहावी. गाडी घसरू लागताच तिला आपोआप सावरणारी यंत्रणा तेथील नव्या मोटारींस 2011 च्या सप्टेंबरपासून सक्तीची झाली. वाचलेल्या पैशांतून आधी चार हिवाळी टायर घ्यावेत. ज्याचे घर डोंगरावर आहे, किंवा ज्यास रस्ता साफ होण्यापूर्वीच निघावे लागते, त्याने मात्र चारही चाकांच्या जोराची उंच गाडी जरूर घ्यावी. पण तिलाही हेच टायर चढवावेत.

आणखी दोन गोष्टी तिने मुलास कळवाव्यात, असेही आम्ही सुचविले. रस्त्यावर काचेसारखा पातळ बर्फ जमला की तो डोळ्यांस दिसत नाही आणि त्यावर उत्तम टायरही नीट धरीत नाही; तेथे संथ चालणे व पुढच्या गाडीपासून पुष्कळ अंतर राखणे, हाच उपाय. आणि गाडी बर्फात अडकलीच, तर उबेसाठी यंत्र सुरू करण्याआधी खाली उतरून धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा. नळी बुजली तर विषारी वायू आत शिरतो, त्यास वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. एक फावडे व एक घोंगडी गाडीत नित्य असावी.

त्या मातेने हे सारे मुलीकडून कागदावर उतरवून घेतले, आणि निघताना विचारले, “मग फादर, लहान गाडी घेतली तर लोक हसणार नाहीत ना?” आम्ही म्हणालो, “बाई, हसणारे हसोत. मुलगा संध्याकाळी घरी परतला म्हणजे झाले.”

घरापासून दूर, बर्फाच्या वाटेने नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेस जाणाऱ्या आपल्या सर्व मुलांस प्रभू सुखरूप राखो.