साठीनंतरचा वर्ग

“कादंबऱ्या लिहून झाल्या, आता या वयात सर्जनशील लेखनाचे पदव्युत्तर शिक्षण कशाला? लिहिणे का शिकवून येते?” असे आप्तेष्ट विचारतात. उत्तर आमच्या झाडीपट्टीतच आहे. इथल्या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याच रंगभूमीवर नवा नट जुन्याजाणत्यांच्या हाताखाली घडतो. गाण्याला गुरू चालतो, मग लेखनालाच का नको?

बँकेच्या अर्जात मोहफुले, तेंदूपत्ता वेचणाऱ्यांसाठी एकच रकाना असे: उत्पन्नाचे साधन. त्या रकान्याबाहेरचा माणूस, त्याच्या झाडीबोलीच्या ठसक्यासह, कागदावर कसा आणावा हे मला अजून शिकायचे आहे. म्हणून प्रवेश घेणारच. वर्गातली मुले ‘आजोबा’ म्हणाली तरी चालेल. वही मात्र तपासून मिळाली पाहिजे.