हौशी पिस्तूल नेमबाज : श्रेणी कुठे, कशी?

सुरुवात : सटाण्यासारख्या गावातल्या नवख्यासाठी सोयीचा प्रकार 10 मीटर एअर पिस्तूल. छरा 4.5 मिलिमीटरचा, घोड्याचा दाब किमान 500 ग्रॅम, पात्रता फेरीत 60 नेम. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा.

भारतात : राष्ट्रीय रायफल संघटना 1951ची, संस्थापक लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर. स्पर्धांतले गट वय आणि लिंगानुसार पडतात. कौशल्य मोजतात ते किमान पात्रता गुणांवर. राष्ट्रीय स्पर्धेच्या खुल्या गटात ते गुण गाठणारा शस्त्र नियम 2016 नुसार ‘रिनाउन्ड शूटर’. त्याला शस्त्रे व काडतुसांची जादा मुभा मिळते.

अमेरिकेत : ‘यूएसपीएसए’ ही व्यावहारिक नेमबाजीची संघटना ठरावीक चाचण्यांतील टक्केवारीवर श्रेणी देते, हौशींनाही :
• ग्रँडमास्टर : 95 व वर
• मास्टर : 85 ते 95 पेक्षा कमी
• ए : 75 ते 85 पेक्षा कमी
• बी : 60 ते 75 पेक्षा कमी
• सी : 40 ते 60 पेक्षा कमी
• डी : 40 पेक्षा कमी

फरक : पात्रता गुण पुढच्या स्पर्धेचे दार उघडतात, श्रेणी बरोबरीचे प्रतिस्पर्धी ठरवते.