माळ्यावरचं भंगार

"आई, त्याला हात लावू नकोस हं!"

मी नुसतं फडकं घेऊन शिडीवर चढले होते. पण माळ्यावरची वस्तू जरा हलली की आतल्या खोलीत बसलेल्या चिरंजीवांना कसं कळतं, देव जाणे!

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्याकडे दरवर्षीचं भांडण. शीव कोळीवाड्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. वर एक माळा. त्या माळ्यावर पूर्वी पाट, लोणच्याच्या बरण्या आणि गणपतीचं मखर असायचं. गेल्या काही वर्षांत तिथे लेकाचं 'कलेक्शन' मुक्कामाला आलं. पिवळट पडलेले जुने कॉम्प्युटर, एक डबा टीव्ही, व्हिडिओ गेमचे खोके आणि वायरींची गाठोडी. "जुन्या कपड्यांवर बोहारीण निदान पातेलं तरी देते, या डब्यांवर कोण काय देणार?" असं सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या.

हा छंद एकट्या माझ्या लेकाचा नाही. शुक्रवारी पहाटे चोरबाजारात जा, किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या रिपेअरवाल्यांकडे डोकवा. असली माणसं वाकून काहीतरी उचकताना दिसतीलच. बहुतेक पुरुष. आणि त्यांच्या घरी माझ्यासारखीच एखादी कपाळाला हात लावून बसलेली!

यंदा मात्र प्रकरण हातघाईवर आलं. आमची इमारत पुनर्विकासाला गेली. काही वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि तिथे माळा नाही. मी अट घातली, "जे चालू होईल तेवढंच बरोबर येईल. बाकीचं निघेल." त्यानंही उलट अट घातली, "चालू आहे की नाही ते तू माझ्याबरोबर बसून बघायचंस."

झालं! तीन रविवार त्यात गेले.

पहिला रविवार खेळांचा. नव्वदच्या दशकात ज्यांची मुलं लहान होती, त्यांना हा टीव्हीला जोडायचा खेळ आठवेल. मीडिया, समुराई, लिटल मास्टर अशी नावं असायची. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' नावाचा खेळ काढला. आपल्याकडे घरोघरी आले ते बहुतेक त्याच्याच नकला. कार्ट्रिजवर लाखो गेम असल्याचं छापलेलं, आत तेच पाच-दहा गेम फिरून फिरून! पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मारिओ आणि कॉन्ट्रानं पोरांना घरात बांधून ठेवलं होतं, हे खरं.

गेम चालला नाही की कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची, हा तेव्हाचा रामबाण उपाय. लेकानं सांगितलं, "अगं, फुंकरीतल्या ओलाव्यानं आतल्या धातूच्या पट्ट्या उलट गंजतात." कानकोरण्याच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्यानं पट्ट्या पुसल्या. तीनपैकी एक खेळ सुरू झाला. डबा टीव्ही तरी जाईल अशी माझी आशा होती, पण तीही फोल ठरली. बदकं मारायची ती बंदूक चपट्या टीव्हीवर चालतच नाही. जुन्या टीव्हीच्या काचेवर उजेड ज्या पद्धतीनं रेघेरेघेनं उमटतो, तोच ती ओळखते. बंदूक ठेवायची तर टीव्हीही ठेवायचा. घ्या!

दुसऱ्या रविवारी एक काळा, जाड पुस्तकाएवढा कीबोर्ड खाली आला. हाच म्हणे अख्खा कॉम्प्युटर! इंग्लंडमध्ये १९८२ साली सिंक्लेअरचा 'स्पेक्ट्रम' आला आणि सामान्य घरात कॉम्प्युटर पोचला. त्याचीच पुढची आवृत्ती आपल्या पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं रीतसर परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावानं आणली. मेमरी ४८ केबी. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. प्रोग्रॅम भरायचा तो चक्क कॅसेटवरून. सासूबाईंचा भजनाचा टेपरेकॉर्डर जोडला आणि त्यातून जे काही किंचाळणं सुरू झालं म्हणता! आवाज जरा कमी-जास्त झाला की सगळं पहिल्यापासून. पाचव्या खेपेला पडद्यावर चित्र उमटलं, तेव्हा टाळी मीच वाजवली.

'हे' वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "विकलं तर किती येतील?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, म्हणून सांगते. अॅपल कंपनीचा १९७६ सालचा पहिला कॉम्प्युटर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड संग्रहालयानं ९ लाख ५ हजार डॉलरला घेतला. पण तसे कॉम्प्युटर जेमतेम दोनशे बनले होते. आपल्या माळ्यावरचे हजारोंनी बनले. तेव्हा हा छंद हौसेचा, कमाईचा नव्हे!

बोलता बोलता लेकानं मला मुंबईचीच एक गोष्ट सांगितली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या गटानं भारतात घडवलेला कॉम्प्युटर १९६० मध्ये सुरू केला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण झालं. त्याची मेमरी म्हणजे बारीक तारांत ओवलेले चुंबकीय मणी. पुढे चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या कॉम्प्युटरमधली मेमरी तर अमेरिकेतल्या कारखान्यात बायकांनी सुईनं तारा ओवून विणली होती. आपलं विणकाम थेट चंद्रावर! मला त्या दिवशी पहिल्यांदा या डब्यांबद्दल जरा आपुलकी वाटली.

तिसऱ्या रविवारी उरला होता फोर-एटी-सिक्स. हा मात्र लेकाचा नव्हे, माझा. लग्नानंतर काही वर्षं मी दादरला एका प्रेससाठी डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकांची पानं. पुढे हा कॉम्प्युटर घेऊन घरीच कामं आणली. मुलगा झोपला की रात्री अकरानंतर माझा कीबोर्ड सुरू व्हायचा.

लेकानं कॉम्प्युटर उघडला. बोर्डावरची छोटी पिंपासारखी बॅटरी त्यानं मागेच काढून ठेवली होती. ती गळते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते, असे कितीतरी कॉम्प्युटर त्यापायी गेले. बटण दाबलं. घरघर झाली, आणि चक्क विंडोज उघडलं! कीबोर्डवर बोटं ठेवली आणि मराठी अक्षरं आपोआप उमटायला लागली. माझा मुलगा बघतच राहिला.

मग मी जुन्या फ्लॉपींचा डबा काढला. सतरा फ्लॉपी होत्या. पावसाळ्यांनी बहुतेकींवर बुरशी आणलेली. सहा उघडल्या. त्यातल्या एकीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'महिला मंडळ स्मरणिका १९९६, भाग १.'

ही स्मरणिका छापून आली होती. पण छापील प्रती मंडळाच्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. २६ जुलै २००५ च्या पुरात त्यांचा लगदा झाला. त्यात मंडळाच्या बायकांनी आपापल्या आठवणी लिहिल्या होत्या. कोळीणींच्या, आमच्यासारख्यांच्या आणि फाळणीनंतर इथल्या निर्वासितांच्या छावणीत आलेल्यांच्या. शेजारच्या बीजींची आठवण मीच लिहून घेतली होती. त्या हिंदी-पंजाबीत बोलत होत्या, मी मराठीत उतरवत होते.

लेक म्हणाला, "आई, ही फाइल माझ्या लॅपटॉपवर घेऊया." घेतली. नुसते चिन्हांचे किडे-मकोडे! कारण त्या काळी प्रत्येक मराठी फॉन्टचा हिशेब वेगळा. एका फॉन्टमध्ये ज्या आकड्यावर 'क' बसवलेला, त्यावर दुसऱ्यात भलतंच काही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आमच्या प्रेसपर्यंत ते पोचायला कितीतरी वर्षं गेली. शिवाय ते सॉफ्टवेअर चालायला मागच्या प्रिंटरच्या खाचेत एक कुलूप लावावं लागायचं. नव्या कॉम्प्युटरला ती खाचच नाही. म्हणजे हा मजकूर जसाच्या तसा वाचायचा, तर हाच जुना कॉम्प्युटर हवा!

मी बीजींच्या सुनेला बोलावलं. बीजी जाऊन बरीच वर्षं झाली. मी पडद्यावरून वाचत गेले. लाहोरचं घर, कुलूप लावून शेजारणीकडे दिलेली किल्ली, आणि इथे आल्यावर पहिल्यांदा मासळीच्या वासानं आलेलं रडू. सून पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ये तो मुझे कभी बताया ही नहीं था." मी तो सगळा मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केला आणि छापून तिला दिला.

भाग २ ची फ्लॉपीही डब्यात होती. ती मात्र उघडली नाही. लेकानं तीन वेगवेगळे ड्राइव्ह लावून पाहिले. त्या फ्लॉपीत माझ्या सासूबाईंचा लेख होता. टाइप मीच केला होता, पण तेव्हा मी मजकूर वाचत नव्हते, नुसत्या चुका शोधत होते. त्यांनी काय लिहिलं होतं, मला एक ओळ आठवत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, सांगावंसं वाटतं. माळ्यावरचा कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्याच्या फ्लॉपी आणि हार्ड डिस्क कुणा जाणकाराला दाखवा. असा छंद असलेला मुलगा, भाचा, शेजारी कुठेतरी असतोच. फ्लॉपी असतील तर आजच बघा; सोनीनंही २०११ मध्ये त्या विकणं थांबवलं आणि असलेल्या दर पावसाळ्याला खराब होताहेत. ठेवायचंच असेल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. जुना टीव्ही किंवा मॉनिटर स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत विजेचा जोरदार धक्का बसू शकतो. आणि टाकायचंच ठरलं तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, त्या धुरात लहान पोरं उभी असतात. डबा टीव्हीच्या काचेत तर शिसं असतं. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०१२ पासून लागू आहेत, परवानाधारक संस्था हा माल घेतात.

आमचा हिशेब असा झाला. एक खेळ, डबा टीव्ही, स्पेक्ट्रम आणि माझा फोर-एटी-सिक्स भाड्याच्या घरात आले. बाकीचं रीतसर गेलं. भाग २ ची फ्लॉपी मी टाकलेली नाही. लेक म्हणतो, अजून एक ड्राइव्ह मिळतोय, बघू.

गणपतीचं मखर मात्र सध्या नणंदेकडे ठेवलंय!