चावी, बादली, बंब : संकटकाळासाठी थोडे पोर्तुगीज

दि. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. लिस्बनमध्ये सकाळचे साडेअकरा वाजले होते, आपल्याकडे दुपारचे चार. मेट्रो जागीच थांबली, दुकानांतील कार्डयंत्रे निकामी झाली, मोबाइलचे जाळे क्षीण होत गेले. ज्यांच्या खिशात रोख रक्कम होती, त्यांनाच पाणी नि पाव मिळाला. बहुतेक ठिकाणी वीज परतली ती रात्री. त्याआधी जेमतेम महिनाभर युरोपीय आयोगाने प्रत्येक कुटुंबाला आवाहन केले होते, की निदान ७२ तास पुरेल इतकी सामग्री घरात असू द्यावी.

आमच्या साडूंची सून त्या दिवशी लिस्बनच्या घरी सासूबाईंसह होती. सासूबाईंचे इन्सुलिन फ्रीजमध्ये, मुलगा कामावर, नातू शाळेत. इंग्रजी तिला उत्तम येते. परंतु समोरच्या दारातील वृद्ध शेजारीण केवळ पोर्तुगीज जाणते, आणि मदतीला धावून आली ती तीच. खाणाखुणांवर काम भागले. पुढे मात्र त्या कुटुंबाने ठरविले, की बाजारहाटाच्या पोर्तुगीजपेक्षा आधी अडचणीचे पोर्तुगीज शिकायचे. दूरध्वनीच्या या टोकाला, आरमोरीत बसून, मीही त्यांच्यासमवेत शिकू लागलो.

शिकताना जाणवले, की आपण अगदीच परक्या प्रांतात नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला; वसई त्यांच्याकडे १७३९ पर्यंत राहिली. त्यांची सत्ता वैनगंगेपर्यंत कधी आली नाही, पण त्यांचे शब्द आले. कुलपाची चावी म्हणजे त्यांची ‘शाव’. कागदपत्रांची अलमारी म्हणजे ‘आर्मारिउ’. पाण्याचे पिंप ‘पीपा’, बादली ‘बाल्द’. आगीचा बंब त्यांच्या ‘बोंबा’ या पंपावरून आला; अग्निशामक दलाचे जवान तिकडे ‘बोंबेइरुश’ म्हणविले जातात. पोर्तुगालमध्ये यांतील बहुसंख्य स्वयंसेवक असतात आणि रुग्णवाहिकाही पुष्कळदा तेच चालवितात. म्हणून आजारपणातही हा शब्द पाठ असलेला बरा. आणीबाणीचा क्रमांक ११२, उच्चारी ‘सेंतु इ दोझ’. आपल्याकडेही आता ११२ च आहे, त्यामुळे आजी-नातवंडांना एकच आकडा लक्षात ठेवायचा. ब्राझीलला जाणाऱ्यांनी मात्र वेगळे आकडे लिहून घ्यावेत : रुग्णवाहिकेसाठी १९२, आगीसाठी १९३. तेथील उच्चारही निराळे.

वाक्ये आम्ही मोजकीच निवडली. ‘प्रसीझु द अझूदा’, मला मदत हवी आहे. ‘नाउं आ लूश’, वीज नाही. ‘तैं आग्वा?’, आपल्याकडे पाणी आहे का? ‘आ इंसुलिना श्ता नु फ्रिगुरीफिकु’, इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे. हे वाक्य सासूबाईंनी स्वतः पाठ केले, कारण सांगण्याची वेळ आली तर घरात दुसरे कोणी असेलच असे नाही. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : ‘ओंद नुझ एंकोंत्रामुश?’ आपण कुठे भेटायचे? उत्तर : ‘एंकोंत्रामुनुश ना श्कोला’, शाळेत भेटू. घरात बोलणे मराठीतच चालते; पण नातवाच्या शिक्षिकेला, शेजारणीला आणि डॉक्टरांना हा बेत ठाऊक असावा लागतो, आणि तो त्यांच्याच भाषेत सांगावा लागतो.

आहाराची गोष्ट आपल्या कुटुंबांसाठी किरकोळ नाही. मदत केंद्रात हातात पडेल ते अन्न घ्यावे लागते. ‘नाउं कोमु कार्न, पाइश, नैं ओवुश’, मी मांस, मासे वा अंडी खात नाही. ‘सैं सबोला, सैं आल्यु, सैं बताता’, कांदा नको, लसूण नको, बटाटा नको. बटाटा हा शब्द मराठीने त्यांच्याकडूनच घेतला. आता तोच शब्द वापरून त्यांना तो वाढू नका म्हणायचे! ‘कुमेमुश आंतश दु पोर दु सोल’, आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवतो. अर्थात वाक्य पाठ असले तरी खाखरे आणि भाजलेले चणे घरात असणे अधिक भरवशाचे.

पोर्तुगीज लोकांना हा विषय नवा नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झाले होते. आजही तेथे ‘आ तेर्रा त्रेम’, म्हणजे ‘धरती थरथरते’, या नावाने दरवर्षी सराव होतो. शाळकरी मुले तीनच शब्द शिकतात : बाइशार, प्रुतझेर, आग्वर्दार, खाली वाका, डोके झाका, थांबा. आमच्या साडूंचा नातू हे शब्द शाळेतून शिकून आला आणि आजीला जेवणाच्या मेजाखाली बसविण्याचा त्याने हट्ट धरला. गुडघ्यांमुळे ते जमले नाही. आजीसाठी आतल्या भिंतीजवळची, काचेपासून दूरची जागा ठरली.

इकडे आपल्या भागात धरतीपेक्षा पाण्याची धास्ती अधिक. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला आणि ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज तालुक्यांतील अनेक गावे वेढली गेली. आपली व्यापारी घरे बहुधा खाली दुकान नि वर बिऱ्हाड अशी. वह्या, विमापत्रे, ठेवींच्या पावत्या दुकानातील खालच्याच कप्प्यात असतात. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पाहवत नाही. मूळ कागद वरच्या मजल्यावर, जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत; त्यांची छायाचित्रे परगावच्या मुलाच्या फोनवर; नामनिर्देशन झाले आहे का, याची खात्री आजच करावी; आणि थोडी सुटी रोकड वेगळी काढावी. लिस्बनकरांना त्या दिवशी तीच उपयोगी पडली.

‘ओंद नुझ एंकोंत्रामुश’ हा प्रश्न गेल्या पावसाळ्यापूर्वी आमच्या घरीही मराठीत विचारला गेला. धाकट्या भावाचे म्हणणे, नातेवाईकांकडे ब्रह्मपुरीला जावे. पण वाटेत वैनगंगाच आहे, हे सुनेने लक्षात आणून दिले. अखेर नदीपासून दूर, उंचावर राहणाऱ्या एका मित्राचे घर ठरले. त्यांनी चावी देऊन ठेवली आहे. ती अलमारीच्या दाराला आतून टांगली असून शेजारी लिस्बनच्या वाक्यांचा देवनागरीत लिहिलेला कागद आहे.