ऐकून घेण्याची विद्या

शिकागोनजीकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ साली कामगारांच्या मुलाखतींस प्रारंभ झाला, तेव्हा मुलाखत घेणारे ठरावीक प्रश्नांची यादी घेऊन बसत. परंतु कामगारांचे मन त्या प्रश्नांत नव्हे, भलत्याच गोष्टींत गुंतलेले असते, हे ध्यानी येताच १९२९ मध्ये ती यादी बाजूस ठेवण्यात आली आणि बोलणाऱ्यास न अडवता, उपदेश वा वाद न करता, त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याचा शिरस्ता पडला. १९३० पर्यंत या मुलाखती २१ हजारांवर गेल्या, आणि तक्रारीच्या शब्दांआड पुष्कळदा निराळीच व्यथा दडलेली असते, हे उमगले.

पुढे १९५२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी एक साधा नियम सुचविला: दुसऱ्याचे म्हणणे व त्यामागील भावना त्याचे समाधान होईल अशा शब्दांत सांगितल्यावाचून आपले मत मांडू नये. हाताखालचा कारकून “एवढे काम माझ्याच्याने होणार नाही” म्हणाला, तर ताकीद देण्याऐवजी वरिष्ठाने “मुदत अपुरी आहे आणि तुमची अडचण कोणी लक्षात घेत नाही, असेच ना?” एवढे विचारून उत्तरासाठी थांबावे. समजून घेणे म्हणजे मागणी मंजूर करणे नव्हे. पण समजून न घेता दिलेला निकाल, न्याय्य असला तरी, माणसाच्या मनास पटत नाही.